चिखलीचाच डबा खरं का बोलत होता

लिहीन लिहीन म्हणत आठ दिवस टाळलं. मोबाईल उघडायचो आणि भलतंच काहीतरी बघत बसायचो... पण आज राहवत नाहीये राव!

सध्या मी इंद्रायणीवर काम करतोय. हसू नका, खरंच नदीवर. पाणी किती चांगलं, किती खराब हे आपोआप मोजणारे साबणाच्या वडीएवढे सेन्सर आहेत. छोट्या डब्यांत बसवून चार ठिकाणी सोडलेत... तीन मोशीला, एक चिखलीला. दर सोमवारी त्यांच्यावरचं शेवाळ पुसायचं आणि ॲपवर टिक करायची, एवढंच माझं काम.

मोशीचे तीन मी पुसायचो. चिखलीला निघायचो, पण वाटेत ती छोटी वर्कशॉप्स लागतात ना... लेथ मशीनवर लोखंडाची साल निघताना बघत उभा राहिलो की दिवस संपला. डबा राहायचा, टिक मात्र पडायची.

मागच्या आठवड्यात, त्याच चार ठिकाणांहून भरून लॅबला पाठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांचे रिझल्ट आले. मोशीचे तिन्ही डबे पार भरकटलेले, आणि चिखलीचा लॅबशी तंतोतंत! हे डबे बनवणाऱ्या आमच्या सायलीताई खुर्चीतून उठल्याच. "बघ, जीव लावून पुसलं की आठवड्यातून एकदा पुरतं! मोशीला घाई करतोस तू." आणि तसाच रिपोर्ट लिहायला बसल्या. त्यावरून आणखी कितीतरी डबे नदीत लागणार होते.

आणि चिखलीच्या डब्याला मी महिनाभर हातच लावला नव्हता...

आज सकाळी लेथकडे न बघता थेट चिखलीचा घाट गाठला. बघतो तर गावातले एक नाना म्हशी धूत होते, आणि मधेच वाकून धोतराच्या सोग्याने आमचा डबा पुसत होते!

"नाना, हे काय?"

"काय म्हंजे? म्हशी धुतो तवा ह्यालाबी एक हात. लई शेवाळ धरतंय बग."

"रोज?"

"मंग! आंगुळ काय सोमवारचीच आस्ती व्हय रं?"

मी पायरीवरच बसलो. म्हणजे डबा भारीच आहे, फक्त त्याला रोज पुसणारा हात हवा! आणि रिपोर्टमध्ये 'आठवड्यातून एकदा' गेलं, तर पुढचे सगळे डबे शेवाळाखालून वाट्टेल ते सांगणार आणि लोक ते खरं मानणार.

ताईंना फोन केला. खोट्या टिकांसकट सगळं सांगून टाकलं. पलीकडून फोन कट. रिपोर्ट दुपारी जायचा होता.

अजून घाटावरच बसून हे लिहितोय. काम गेलं असणार. तरी काय सांगू, नाचावंसं वाटतंय! एवढासा डबा अख्ख्या नदीची खबर देतो, आणि तो खरा राहतो एका माणसाच्या रोजच्या सवयीमुळे. नाना, तुमचे उपकार कसे फेडू...

थांबा थांबा. पायऱ्यांवरून चक्क सायलीताई उतरतायत! ऑफिसबाहेर कधी पाऊल न टाकणाऱ्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ नानांपुढे उभ्या.

"रिपोर्ट थांबवलाय मी. रोज कसं पुसता, दाखवा बरं."

नानांनी त्यांच्या हातात म्हशीचा कासरा दिलाय. "दावतो की. तवर हिला धरा, बुजरी हाय."