बनियनमधला टाक

त्या वर्षी मी देवाऱ्यात दिवा लावायची तो निव्वळ सवयीने. हात जोडायची नाही. माझ्या नवऱ्याच्या खोकल्यातून रक्त पडत होतं आणि टीबीची औषधं महिनोन्‌महिने घेऊनही माणूस वाळतच चाललेला. कोलशेतच्या कंपनीत राबणारा, सुट्टीला खाडीत जाळं टाकणारा गडी, पण जिना चढताना धापा टाकायचा. शेवटी डॉक्टरांनी ठाण्याला छातीचा सीटी स्कॅन काढायला सांगितला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कॅन्सरची शंका आहे, मनाची तयारी ठेवा." कसली तयारी ठेवणार, डोंबल! घरी येऊन मी आई एकवीरेला सरळ विचारलं, तू आहेस तरी का?

आमच्या घरची एक रीत आहे. कुणी खोल पाण्यात जायचा असला की देवाऱ्यातला आईचा चांदीचा टाक त्याच्या बनियनच्या आतून शिवून द्यायचा. सासूबाईंच्या लेखी ते मशीन म्हणजे खोल पाणीच. "आई त्याचे अंगाव पायजे," म्हणाल्या आणि टाके घातले. मी चिडले, पण म्हातारीशी कोण हुज्जत घालणार? सेंटरवर ह्यांनी साखळी काढली, घड्याळ काढलं, शर्ट काढला. बनियन मात्र अंगातच राहिलं आणि टाक कुणाच्याच ध्यानात आला नाही. धातूमुळे फोटोभर पांढरे पट्टे उमटले, छातीतलं धड काही दिसेना. मशीनवरचा माणूस भडकला, टाक उसवून आत घेऊन गेला. बाकीचे पेशंट झाल्यावर पुन्हा काढू म्हणाला. बाकावर बसल्या बसल्या माझा संताप संताप झाला. अगं आई, मदत राहू दे, निदान आड तरी येऊ नकोस!

तेवढ्यात फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई टाक परत द्यायला बाहेर आल्या. रागावायलाच आल्या असाव्यात. पण हे नाकाला रुमाल लावून बसलेले आणि रुमाल लाल झालेला. बाईंनी विचारलं, "नाकातूनही रक्त येतं?" मग डोळे किती दिवस लाल आहेत, सांधे दुखतात का, कानाला कमी ऐकू येतं का, एकेक विचारत त्या आमच्याशेजारी बाकावरच बसल्या. सगळ्याला आमचं हो. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं, आणि आम्हालाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. दुसऱ्या फोटोत दोन्ही फुप्फुसांत गाठी निघाल्या, एक तर आतून पोकळ. बाई म्हणाल्या, "हा कॅन्सरच आहे असं मी लिहिणार नाही. रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक आजार असतो, त्याची तपासणी करून घ्या." त्यांनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे गाठीचा तुकडा काढून तपासला, आणि तोच आजार निघाला.

औषधं जबर होती. ह्यांचं तोंड सुजून गोल झालं, केस गळले. पण रक्त थांबलं. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅनची वेळ आली तेव्हा मीच सुई-दोरा घेऊन बसले. सासूबाईंनी माझ्या हातातून सुई काढून घेतली आणि टाक माझ्या तळहातावर ठेवला. "आता तू धर."

मशीनच्या बंद दाराबाहेर मी मूठ आवळून रडत उभी राहिले. नवस काही बोलले नाही. एवढंच म्हणाले, आई, हा माणूस तुझा आहे, तुझं तू बघ. आणि खरं सांगते, फोटो यायच्या आधीच माझं रडू थांबलं होतं.

बाईंनी जुना आणि नवा फोटो उजेडावर शेजारी शेजारी लावले. जुन्यात गाठी होत्या तिथे नव्यात काळंभोर, स्वच्छ. पोकळ गाठीच्या जागी फक्त एक बारीक रेघ. हे हळूच म्हणाले, "या खेपेला आईला फोटोत यायचं नव्हतं वाटतं." बाईही हसल्या.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "फोटून काय दिसला?"

"काही नाही दिसलं," मी म्हणाले, आणि त्या सुटकेने उंबऱ्यावरच बसल्या. पहिल्या खेपेला आई आड आली असं मला वाटलं होतं. ती कुठे उभी राहते हे आपल्याला कुठे कळतं? त्या संध्याकाळी टाक जागेवर ठेवला, दिवा लावला, आणि किती दिवसांनी माझे हात आपोआप जुळले.