फ्लेमप्रूफ मोटरवरची पितळी पाटी

ही फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या कारखान्यातले लोक तिखटमीठ लावून सांगतील आणि तुम्ही त्यांचंच खरं धराल!

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात मी वीजविभागात सुपरवायझर. शिक्षण दहावी, पुढचं सगळं पुस्तकांतून आणि स्वतःच्या रोजनिशीतून. आमच्या सॉल्व्हंटच्या शेडमध्ये नवा पंप बसणार होता. तिथल्या हवेत पेटणारी वाफ असते, साधी मोटर चालत नाही. हे कोणाला ठाऊक? मला! खरेदी विभागातल्या कदमांना नाही.

कदमांनी आणलं काय, तर साधी मोटर आणि वर हिरवा रंग!

"अहो, विकणारा म्हणाला स्पेशल आहे."

"कदम, रंग देऊन स्पेशल होता आलं असतं, तर तुम्हालाच रंगवून शेडमध्ये बसवलं असतं."

मग मी त्यांना तासभर समजावलं. फ्लेमप्रूफ मोटरमध्येही वाफ शिरते, ठिणगी पडली तर आतल्या आत पेटतेसुद्धा. पण तिचं अंग इतकं जाड आणि सांधे इतके नेमके, की आग बाहेर येतच नाही. कदमांनी जांभई दिली. अशा माणसाशी काय बोलायचं?

शेवटी मोटर मीच निवडली. वाफ कुठल्या गटातली, मोटर किती तापलेली चालेल, केबल कुठल्या ग्लँडमधून, म्हणजे घट्ट आवळणाऱ्या तोंडातून, आत न्यायची, सगळं रोजनिशीत सतरा पानं! मोटर आली, बसली. सोमवारी मुख्य कार्यालयातून सुरक्षा तपासणीला एक मॅडम येणार होत्या. त्यांनी होकार दिला की शेड चालू आणि विभागाचा प्रमुख मी, असं मालकांनी कबूल केलं होतं.

आता गप्प बसावं की नाही? पण मनात आलं, ह्या अडाण्यांपैकी कोणीतरी मोटरला हात लावणारच. म्हणून पोलादपूरहून खास पितळी पाटी कोरून आणली: 'सावधान! फ्लेमप्रूफ मोटर. छेडछाड करू नये.'

मोटरच्या वायरी जोडायच्या डब्याचं झाकण काढून वर्कशॉपमध्ये नेलं. सॉल्व्हंटच्या शेडमध्ये ड्रिल चालवायला मी काय वेडा आहे? वर्कशॉपमध्ये होते आमचे जुने फिटर, तुडीलचे सलीमभाई.

"साहेब, भोका कशाला? चिकटवूया ना."

"चार महिने पाऊस कोसळतो इथं. चिकटवलेली टिकेल?"

"पन एवढा जाड झाकन केलाय, ता काय उगाच हाय?"

"सलीमभाई, मोटर कोणी निवडली? तुम्ही की मी?"

"तुमी."

"मग द्या ते ड्रिल इकडे!"

पाटीच्या चार कोपऱ्यांसाठी झाकणाला चार भोकं माझ्या हातानं पाडली, रिवेट ठोकले, झाकण परत बसवलं.

सोमवारी मॅडम आल्या. रोजनिशी पानन् पान वाचली. म्हणाल्या, "इतकी नेटकी निवड मी क्वचितच पाहते." मी कदमांकडे बघितलं. कसं बघितलं असेल, तुम्हीच समजून घ्या!

मग मॅडम टॉर्च घेऊन मोटरपाशी वाकल्या.

"ही पाटी मोटरच्या कंपनीकडून आली?"

"नाही मॅडम, माझी कल्पना!"

"आणि भोकं?"

"तीही माझीच."

"आरपार आहेत?"

"एकदम आरपार!"

छाती फुगवून हे बोललो आणि तिथेच डोक्यात उजेड पडला. आग आत कोंडून राहावी म्हणून बनवलेल्या झाकणात मी त्याच आगीला बाहेर पडायच्या चार वाटा करून दिल्या होत्या!

"ह्यापेक्षा साधी मोटर परवडली," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तिच्या भरवशावर कोणी निर्धास्त तरी राहत नाही."

नवं झाकण येईपर्यंत शेड बंद. प्रमुख झाला कालपरवा आलेला एक डिप्लोमावाला. सतरा पानं लिहिणाऱ्या शहाण्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

त्या दिवशी संध्याकाळी झाकण काढताना मी सलीमभाईंवरच खेकसलो, "ती पाटी उपटा आणि द्या फेकून!"

सलीमभाईंनी फडक्यानं पाटी पुसली.

"फेकायची कशाला, साहेब? पाटीत काय चूक नाय. लावनाऱ्यानं ती आधी वाचाया पायजे होती."