उतरा मावशी

खिंडीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर जीप चालवणारे अकरा जण होते. त्यांतल्या दहा जणांना गाडी चालवता येत होती. अकरावीला ती थांबवताही येत होती. तिला सगळे 'उतरा मावशी' म्हणत.

सातव्या वळणापुढे दरीच्या कडेने दोनशे पावलांचा अरुंद पट्टा आहे. तिथे आलं की मावशी हँडब्रेक ओढायची आणि मागे वळूनही न बघता म्हणायची, "उतरा." मग काठाची माती पक्की आहे ना, हे टाच आपटून बघत स्वतः पट्टा पार करायची, तशीच परत यायची. त्यानंतर प्रवासी पायी पलीकडे जात आणि शेवटी पहिल्या गिअरमध्ये गाडी जाई, आत एकटी मावशी. सत्तावीस वर्षं हाच क्रम. एका निवृत्त सेनाधिकाऱ्याने आपण दोन युद्धं पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग चालायची सवय असेलच."

यंदा परवान्याच्या नूतनीकरणाला ती पर्यटन कार्यालयात गेली, तर टेबलामागे नवे साहेब होते. टेबलावर काच, काचेखाली डोंगराचं छायाचित्र. साहेबांचा डोंगराशी तेवढाच संबंध होता.

"तुमच्याविरुद्ध नऊ तक्रारी आहेत," साहेब म्हणाले. "लोक गाडीत बसायचे पैसे देतात आणि तुम्ही त्यांना चालवता."

"गाडी पण चालवते."

"सत्तावीस वर्षांत तिथे तुमचा एकही अपघात नाही. म्हणजे उतरवायची गरजच नाही, बरोबर?"

मावशीने हा तर्क थोडा वेळ न्याहाळला. "साहेब, तुमचं डोकं चांगलं आहे," ती म्हणाली, "पण ते या खोलीपुरतंच."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. यापुढे प्रवाशांना उतरवणार नाही असं लिहून द्यायचं, नाहीतर परवाना नाही. मावशी कागदाला हात न लावता उठली.

नवरा टायरच्या दुकानात पंक्चर काढत होता. परवाना गेला तर उरलेला जन्म आपल्याला याच्या शेजारी, रबराच्या वासात काढावा लागेल, हे मावशीला दिसत होतं.

"दे की लिहून," तो म्हणाला. "लिहिलं म्हणजे पाळायलाच हवं असं कुठे आहे? लग्नाआधी मी तुला काय काय सांगितलं होतं!"

"म्हणूनच कुणाला खोटं लिहून देत नाही मी."

शेवटी साहेब स्वतः पाहणीला आले. पायात नवेकोरे बूट, हातात फाईल. सातव्या वळणापुढे हँडब्रेक ओढला गेला.

"उतरा."

"मी बसून राहणार. पाहणी त्याचीच आहे."

"बरं," असं म्हणून मावशी खाली उतरली, बॉनेट उघडलं, एअर फिल्टर बाहेर काढला आणि दगडावर बसून आपटायला लागली. धूळ भरपूर होती. अर्धा तास झाला. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग फाईल वाचली, मग तीच फाईल उलटीकडून वाचली.

"हा अडेलतट्टूपणा आहे, बाई!"

"आहेच. घाई असेल तर तुम्ही न्या गाडी पलीकडे." तिने फिल्टर जागेवर बसवला आणि खिडकीतून किल्ली आत धरली. "तुम्ही म्हणता ना, गरज नाही."

साहेबांनी किल्ली घेतली, अगदी चालकाच्या सीटवर सरकलेही. दरी त्या बाजूला होती. त्यांनी खाली बघितलं. एक घार त्यांच्या पायांच्या बऱ्याच खाली उडत होती. साहेब शेजारच्या दाराने उतरले, फाईल छातीशी धरून पट्टा चालून गेले आणि मावशी मागून गाडी घेऊन पलीकडे आल्यावर, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "हवा छान आहे."

पंधरा दिवसांनी कार्यालयाचं नवं पत्रक निघालं: 'पदभ्रमण आणि जीपसफर, एकत्र अनुभव.' चालणं आता सोय झालं होतं. साहेबांनी मावशीला बोलावून छापील अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं: 'प्रवाशांना तीन निसर्गरम्य ठिकाणी उतरवून चालवले जाईल.' खाली ठिकाणांची नावं होती. सातवं वळण त्यांत नव्हतं. तिथे फोटो चांगले येत नाहीत.

"आता तरी सही करा," साहेब म्हणाले. "तुमचंच म्हणणं मान्य केलंय."

मावशीने पेन मागितलं. 'तीन निसर्गरम्य ठिकाणी' यावर आडवी रेघ ओढली, वर लिहिलं 'मी सांगेन तिथे', आणि खाली सही केली, कागद फाटेल इतकी दाबून.

साहेबांनी ते वाचलं. मग त्यांनी शिक्का शाईवर टेकवला.

"परवान्यावर पद काय घालू? चालक?"

"घाला," मावशी म्हणाली. "आणि लवकर घाला, खाली सहा जण गाडीत बसलेत."