हत्तीच्या कपाळावरचा शिक्का

नाशिकरोडच्या आमच्या वाचनालयात बालविभाग म्हणजे एक काचेचं कपाट आणि त्याची किल्ली जानव्याला बांधून फिरणारे ग्रंथपाल. लहान मुलाचा हात लागला की पुस्तक फाटतं, यावर त्यांची अढळ श्रद्धा. माझ्या दीड वर्षाच्या मुलीला ते चित्रांचं पुस्तक टेबलापलीकडूनच दाखवत, पोलिसांनी जप्तीचा माल दाखवावा तसं.

शिवाय प्रत्येक चित्रावर वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, मधोमध तारीख. बादलीत अडकलेला हत्ती असो की पायजमा घातलेलं माकड, शिक्का बरोबर कपाळावर. "कडेला मारला की चित्र कापून नेतात हो लोक," ते म्हणत. मुलगी खिदळली की दचकत. "शूऽऽ! मोठी माणसं वाचतायत." मोठी माणसं तोंडावर पेपर घेऊन घोरत असत.

पुढे बालवाडीत बाईंनी हत्ती काढायला सांगितला. मुलीनं सोंड काढली, शेपूट काढलं आणि कपाळावर एक जांभळा गोल काढला. "हे काय गं?" बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "हत्तीला असतंच ते."

मुलीला बरोबर घेऊन तो कागद मी मुद्दाम ग्रंथपालांपुढे ठेवला. म्हटलं, आता तरी ओशाळतील. त्यांनी चष्मा वर सरकवून चित्र नीट पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"छान काढलायस हो," ते म्हणाले. "फक्त तारीख राहिली."