पुठ्ठा आणि चादर
नव्या चादरीच्या खळीचा वास आला की मला सोलापुरातला रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारा आमचा वर्ग आठवतो. नवख्यांना शनिवारी कोण शिकवणार, हे सर एके दिवशी वर्गात ठरवणार होते. तो शनिवार मला हवा होता, म्हणून मी पुस्तक तीनदा वाचलं होतं. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने, विणकराच्या मुलीने, एकदाही नाही. सरावासाठी मी ‘चादर’ नावाचा क्लास, म्हणजे चादरींचा साचा, लिहिला आणि घडी घालायची मेथड, म्हणजे कृती, थेट त्या साच्यावरच चालवली. एरर आली. ती वाकून बघत हसली, “अगं, मागावरच्या नक्षीच्या पुठ्ठ्याला घडी घाल म्हणतीस व्हय? नवी चादर काढ, हे पुठ्ठ्याला सांगायचं. घडी विणून झालेल्या एकेका चादरीची की!” साच्याला सांगायची क्लास मेथड आणि साच्यातून निघालेल्या एकेका वस्तूला सांगायची इन्स्टन्स मेथड यांतला फरक मला त्या क्षणी कळला. सरांनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि शनिवार तिलाच दिला. तिची अक्षरं फळ्यावर उमटताना मी माझं पुस्तक मिटून पिशवीत कोंबलं. “आता समजलं ना?” तिने परत येऊन विचारलं. “मला आधीच माहीत होतं,” मी म्हणाले, आणि कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाही. गेल्या महिन्यात ती वारली. तिच्या घरी भेटायला गेले तेव्हा तिची आई माझा हात धरून म्हणाली, “रुबी तुझ्याकडनंच शिकले, म्हणायची की गं ती.” मी मान खाली घातली, पण ‘नाही, मीच तिच्याकडून शिकले’ असं म्हणाले नाही.