तेल लावलेल्या सायकली

मराठी मंडळाच्या ग्रुपवर सायकलफेरीचा निरोप आला आणि नवऱ्याने मला न विचारता दोघांची नावं देऊन टाकली. उन्हाळ्यात त्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. सायकल चालवायला हरकत नाही, पण चढ आला की उतरून चाला, असं डॉक्टर म्हणाले होते. यातलं पहिलं वाक्य घरभर तो ऐकवायचा, दुसरं मी. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात जन्मभर मशिनं दुरुस्त केलेला माणूस. एक पार्ट बसवला की यंत्र नवं झालं, अशी त्याची समजूत. "मला काही झालेलं नाही," हे त्याचं पालुपद.

दसरा नुकताच झाला होता. सकाळी तलावाकाठी गारवा होता. मंडळाने वाटलेले टी-शर्ट घालून सगळे फोटो काढत होते. गाडीवर बांधून आणलेल्या आमच्या सायकलींना खंडेनवमीची झेंडूची माळ अजून तशीच होती. शोभा आहे, राहू दे, असं नवरा म्हणाला.

फेरी तलावाच्या कडेने सपाटीवरून, मग श्यामला टेकडी चढून पलीकडच्या उताराने खाली. सपाटीवर मी त्याच्या पाठीवरून नजर हलवली नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. पडला, डोक्याला लागलं, तर रक्त थांबणार कसं, एवढंच डोक्यात घोळत होतं. चढाला तो खरंच उतरला आणि मी हुश्श केलं. पण धाप लागली ती मलाच. मी मागे पडले आणि तो वळणाआड गेला.

माथ्यावर मी सायकलवर बसले, दोन पायडल मारली आणि सवयीने ब्रेक दाबून बघितला. सपाटीवर ब्रेक लावायची वेळच आली नव्हती. सायकल थांबेना. पाय घासत कशीबशी थांबवली. ब्रेकचं रबर चाकाच्या कडेवरून नुसतं घसरत होतं. कडेवर बोट फिरवलं तर चिकट लागलं. नाकाशी नेलं. तिळाचं तेल.

सासूबाई नागपूरच्या. खंडेनवमीला घरातलं लोखंड पुसून, त्यावर तेलाचा हात फिरवून पूजेला मांडायचं, ही त्यांची रीत. विळी, अडकित्ता, लेकाचे पाने, पकडी. यंदा फेरी ठरल्यामुळे सायकलीही पूजेला बसल्या होत्या. त्यांनी चाकं चकचकीत केली होती. दोन्ही सायकलींची, आणि लेकाची जरा जास्तच मायेने.

मी फोन लावला. तो वाजत राहिला. वळणावर झेंडी घेऊन उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "आंटी, अंकल तो कब के निकल गए."

सायकल हाताने ओढत मी उतारावरून पळत सुटले. सासूबाईंचा राग आला, मंडळाचा आला, सर्वांत जास्त त्याचा. बाजूने लोक मजेत घंटी वाजवत सुसाट जात होते. प्रत्येक वळणाला मला रस्त्यावर झेंडू सांडलेला दिसत होता. तिथे झेंडू नव्हता, तरी दिसत होता.

आणि मग रस्त्याच्या अगदी कडेला तो दिसला. सायकल हातात धरून चालत होता. खिशातला फोन त्याने उचललाच नव्हता. उताराला तर डॉक्टरांनी मनाई केली नव्हती.

मी शेजारी पोचले, तरी त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"बसायचा धीर होईना," तो म्हणाला. "सारखं वाटतं, मध्येच बंद पडलो तर?"

उन्हाळ्यापासून मी हेच मनात म्हणत होते. त्याच घरात, त्याच सोफ्यावर, तोही हेच म्हणत होता. मला रडू आलं.

"अहो, मला रोज वाटतं," मी म्हटलं.

आम्ही चालत राहिलो. रस्ता जरा सपाट झाल्यावर मी तेलाचं सांगितलं. त्याने थांबून आपल्या चाकावर बोट फिरवलं, वास घेतला.

"आईला यातलं काही सांगू नकोस," एवढंच म्हणाला. मग माझ्या नव्याकोऱ्या टी-शर्टच्या बाहीला त्याने बोट पुसलं, आणि मी पुसू दिलं.