आठ तारांचे दाजी

आमच्या दाजींच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पाण्याचा पेला मिळायच्या आधी तारा मोजाव्या लागतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाहेरच्या खोलीत, जिथे शहाणी माणसं कपाट ठेवतात, तिथे भिंतीत एक लोखंडी आकडा ठोकलाय आणि त्यावर त्यांची इलेक्ट्रिक बास गिटार लटकते. "मोजा," म्हणतात. पाहुणा बिचारा मोजतो. आठ भरतात. "आता सांगा, बासला असतात किती?" पाहुण्याला कुठून ठाऊक! मग स्वतःच चार बोटं वर करतात. "चार! सगळ्या जगाचं चारात भागतं. आपल्याकडे आठ." आपल्याकडे म्हणजे त्यांच्याकडे. माझ्या बहिणीच्या वाट्याला त्या घरात एक इस्त्रीचं टेबल आलंय, तेसुद्धा स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडलं की अडतं.

दाजी लिफ्टचे मेकॅनिक आहेत. एका इमारतीत वरच्या मजल्यावर वाद्यांचं दुकान होतं, तिथली लिफ्ट अडकली म्हणून गेले आणि येताना हे धूड घेऊन आले. दुकानात ते कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. वाजवणारे यायचे, हातात घ्यायचे, खुंट्यांकडे बघायचे आणि परत ठेवायचे. शेवटी आमचे दाजी आले. दुकानदाराला इतका आनंद झाला म्हणे, की वर पिशवी फुकट दिली. फुकटची पिशवी मिळाली हे दाजी अजून अभिमानाने सांगतात.

या वाद्याची गंमत अशी, की आठ तारांच्या जोड्या चारच. प्रत्येक जाड तारेला खेटून एक बारीक तार, तोच सूर पण वरच्या सप्तकातला. छेडलं की दोन्ही एकदम वाजतात आणि एकाऐवजी दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. अर्थात जोडी तंतोतंत जुळली तर. केसभर इकडेतिकडे झालं, की नळावर भांडण लागल्यासारखं ऐकू येतं. शिवाय आठ खुंट्यांमुळे त्याचं डोकं इतकं जड, की हात सोडला की मान खाली जाते. दाजींचं आणि त्याचं पटायला हे एक कारण पुरेसं होतं.

वाजवतात बरं, हे मी नाकारणार नाही. मी ड्रम वाजवतो, मला कळतं. बोटांत ताकद आहे, ताल पक्का आहे. पण कान? सगळा जन्म लिफ्टच्या मोटारीशेजारी गेला, त्यात कानाची धार गेली ती गेलीच. त्यामुळे दाजी तारा लावतात अंगठ्याने. लिफ्टचे पोलादी दोर असतात ना, त्या सगळ्यांवर ताण सारखा असावा लागतो, नाहीतर एकच दोर झिजतो. मेकॅनिक प्रत्येक दोर अंगठ्याने दाबून बघतो. दाजी तसेच बासच्या तारा दाबून बघतात आणि सगळ्या सारख्या लागल्या की मान डोलावतात. दोर आणि सूर यांत फरक असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही असं नाही. आम्ही सगळ्यांनी सांगितलं.

मी एकदा सूर दाखवणारं चिमट्याचं यंत्र आणून दिलं. "हे काय?" म्हणाले. "तारा लावायला." त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि स्वयंपाकघराकडे हात केला. "घरात मशीन आहे की!"

मशीन म्हणजे माझी ताई.

ताई लोकांचे कपडे अल्टर करून देते. पाठ वळवून इस्त्री करत असते आणि दाजी बाहेर एकेक जोडी छेडतात. ताई आतूनच सांगते, "बारीक वर घ्या. अजून. अहो, फार झालं, थोडी उतरवा. हां, बस." पुढची जोडी. "जाड उतरलीये. बस." दाराच्या फटीतून इस्त्रीच्या वाफेबरोबर तिचा आवाज येतो आणि बाहेर दाजी स्वतःच्या हाताने लावल्यासारखा चेहरा करून बसतात. एकदा त्यांच्या लिफ्ट कंपनीचा समारंभ होता. ताईला नेलं नाही, जागा कमी होत्या म्हणे. तिथून फोन आला. ताईने फोनवर ऐकून सांगितलं, "तिसरी जोडी, बारीक तार, केसभर वर." मी घरी तिच्यासमोरच बसलो होतो. फोनमधून ओळखलं तिने! असा कान आहे. आणि गळा त्याहून चांगला.

या गळ्याचं पुढे काही व्हावं असं आमच्या आईला फार वाटायचं. लग्नानंतर दाजी म्हणाले, बघू. मग म्हणाले, जागा मोठी झाली की बघू. मग बास आली आणि बघायचं राहूनच गेलं. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

मागच्या हिवाळ्यात ताईने स्वतःच उचल खाल्ली. कपडे पोचवायला ती एका हॉटेलात जायची, तिथल्या वेटरांच्या जाकिटांचं काम तिच्याकडे होतं. रविवारी दुपारच्या जेवणाला संगीत ठेवायचं चाललंय असं तिच्या कानावर आलं. ती थेट मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली. "मी गाते. माझ्या घरातलेच दोघं साथीला असतील. एकदा ऐकून बघा." मॅनेजरने वेळ दिली. हे तिने लगेच मला येऊन सांगितलं. "एवढं जमू दे रे," म्हणाली. "मग मी कुणाकडे काही मागणार नाही."

तीन गाणी निवडली, आम्ही तालीम केली. दाजींना मी बाजूला घेऊन सांगितलं, "दाजी, ताईला पुढे राहू द्या. तुम्ही मागे हळू धरा." ते म्हणाले, "मेव्हणे, आठ तारांचं वाद्य हळू वाजत नसतं." उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

ठरल्या दिवशी मी माझ्या व्हॅनमध्ये सामान घातलं. हॉटेलच्या जेवणघरात दोनचार टेबलांवर माणसं होती. ताईने एका बाजूला उभं राहून बास लावून दिली, हळू आवाजात, बोटाच्या खुणेने. मग मॅनेजर कॉफी घेऊन बसला. त्याची कॉफी संपेपर्यंत दाजी उगाच काहीतरी छेडत होते. ताईने लावलेल्या जोड्या अशा जुळल्या होत्या की मलाही ऐकत राहावंसं वाटलं.

मग ताई गायली. पहिलं गाणं संपेपर्यंत एकाही टेबलावर चमचा वाजला नाही. सूप निवलं लोकांचं. मला वाटलं, झालं काम! दुसऱ्या गाण्याचं पहिलं कडवं संपलं आणि मॅनेजरने हात वर केला.

"बाई, तुमचा आवाज फार छान आहे," तो म्हणाला, "पण अडचण अशी की तुम्ही गायला लागलात की लोक जेवायचे थांबतात. आम्हाला लोकांनी जेवायला हवंय. ऑर्डर द्यायला हव्यात." मग दाजींकडे वळला. "यांचं ते मघाचं चाललं होतं ना, ते उत्तम. दोघं वाजवताहेत असं वाटतं आणि लक्षही जात नाही. गाणं नको, ड्रम नको. तुम्ही एकटे याल का रविवारी?"

लक्ष जात नाही, ही तारीफ! पण आमच्या दाजींना तेवढंही आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते ताईकडे बघतील असं मला वाटलं. नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं. मॅनेजरचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "चालेल की!"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. बीळ ताईने खणलं होतं, महिनाभर तालीम करून. ताईने बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं, झाकण घट्ट लावलं आणि सामान उचलायला लागली. परत येताना दाजींनी बास मागच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला. त्या सीटला पट्टा एकच होता. ताई शेजारी खिडकीला धरून बसली आणि दाजी पुढे माझ्या शेजारी बसून रविवारी कुठला शर्ट घालावा यावर बोलत राहिले.

आठवडाभर मला वाटत होतं, ताई भांडेल, रुसेल, निदान आतून "बस" म्हणायचं बंद करेल. तसलं काही झालं नाही. रोज इस्त्री करता करता ती तारा लावून देत होती. तिच्या सोशिकपणाचाही मला राग यायला लागला होता.

रविवारी सकाळी व्हॅन घेऊन गेलो तर दाजी जमिनीवर बसलेले आणि भोवती जुन्या तारांची भेंडोळी. आठच्या आठ तारा बदलल्या होत्या! "अहो दाजी, आज?" मी ओरडलो. नव्या तारा दोनचार दिवस ताणत राहतात, सुटतात, उतरतात. पोरासोरांना ठाऊक असतं हे. दाजी शांत. "मेव्हणे, तपासणीच्या आधी दोर अख्खे नवे घालायचे, एकही जुना ठेवायचा नाही. हा आमच्या कामातला पहिला नियम." हॉटेलात वाजवण्याची त्यांनी लिफ्टची तपासणी करून टाकली होती. ताईने आतून सगळ्या जोड्या लावून दिल्या आणि दाजींना डबा दिला. मी म्हटलं, ते चिमट्याचं यंत्र तरी घ्या. ड्रॉवर उघडायला त्यांना वेळ नव्हता.

हॉटेलात पोचलो. सामान माझ्या गाडीतून जाणार म्हणून मी बरोबर, नाहीतर मला कोण विचारतं. पिशवी उघडून दाजींनी पहिली जोडी छेडली आणि जवळच्या टेबलावरच्या बाईने मान वळवली. सगळ्या उतरल्या होत्या, आणि प्रत्येक आपल्या मनाने वेगवेगळी. दाजींनी अंगठ्याने दाबल्या, पिळल्या, पुन्हा दाबल्या. "आता सारख्या आहेत ना?" मला विचारलं. "सारख्या आहेत, पण सुरात नाहीत." त्यांच्या कपाळावर घाम आला. मॅनेजर घड्याळाकडे बघत होता. दाजींनी ताईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्या हातात देऊन तारांजवळ धरायला सांगितला.

"अगं, बघ गं जरा. पहिली."

त्यांनी छेडली. जाड एकीकडे, बारीक दुसरीकडे. मला दात शिवशिवल्यासारखं झालं.

फोनमध्ये इस्त्री उभी ठेवल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "बस."

"दुसरी?"

"बस."

तिसरी पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट होती. "बस." चौथी, "बस. बरोबर आहे सगळं. वाजवा तुम्ही."

मी फोन तोंडाशी नेला. "ताई, नीट ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. "माझा कान तुला माहितीये." आणि फोन ठेवला.

दाजींचा चेहरा उजळला. रुमालाने घाम पुसला, नवा शर्ट नीट केला आणि वाजवायला बसले. काय वाजवलं म्हणता! पूर्ण आत्मविश्वासाने, डोळे मिटून, एकही ताल न चुकता त्यांनी ते भांडण लोकांच्या ताटात वाढलं. एका आजोबांनी कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिशात ठेवलं. एका कुटुंबाने आइस्क्रीम न मागवताच बिल मागितलं. मॅनेजरला हवं होतं तसं लोक भराभर जेवत होते, तेवढं मात्र खरं. शेवटी तो येऊन म्हणाला, "आज एवढं पुरे." दाजींनी विचारलं, "पुढच्या रविवारी याच वेळी?" तो म्हणाला, "कळवतो." कळवतो म्हणजे काय हे मी व्हॅनमध्ये दाजींना समजावून सांगितलं.

त्यांना पटलं नाही. "लोकांना कान नाहीत, मेव्हणे. तुझ्या ताईने स्वतः ऐकलंय. ती बरोबर म्हणाली म्हणजे बरोबरच. तिच्यासारखा कान या गावात कुणाला नाही." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. सांगायचं होतं तिला, सांगत होते मला, तेही स्वतःची बाजू धरायला.

घरी ताई इस्त्रीच करत होती. "कसं झालं?" तिने विचारलं. दाजींनी मॅनेजरपासून आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. "तू बस म्हणालीस, मी वाजवलं. चूक त्यांची आहे."

ताईने इस्त्री उभी केली. "बरोबर नव्हतं," म्हणाली.

"काय?"

"एकही जोडी बरोबर नव्हती."

दाजी हसले. ताई हसली नाही. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं, सकाळच्या त्या नव्या तारांसारखं. "मग बरोबर आहे असं का म्हणालीस?"

"तुम्ही चालेल असं का म्हणालात?"

मी दारात बासची पिशवी घेऊन उभा होतो. दाजींनी माझ्या हातातून पिशवी घेतली, बास काढून मांडीवर ठेवली आणि एकेक तार अंगठ्याने दाबून बघितली.

"ताण तर सगळ्यांवर सारखाच आहे गं," म्हणाले.

"तुमच्या अंगठ्याला," ताई म्हणाली.

तिने इस्त्री उचलली आणि मॅनेजरने जिथे हात वर केला होता, तिथून पुढचं कडवं म्हणायला घेतलं. आवाज मुळीच दाबला नाही. ते गाणं तिने शेवटपर्यंत म्हटलं आणि मग तिसरंही म्हटलं. दाजींनी सगळं ऐकलं. उठून जायची सोय नव्हती, दारात मी उभा होतो.